मामांची छर्ऱ्याची बंदूक आणि न फिरणारा बोल्ट

मागच्या भागात आपण शिलाई मशीनचं चाक मोकळं केलं. त्यानंतर ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादहून बऱ्याच जणांनी विचारलं, की जुन्या छर्ऱ्याच्या बंदुकीचा बोल्ट अडकलाय, तो कसा काढायचा? घराघरांतून माळ्यावर अशा बंदुका पडून आहेत असं दिसतं. मी बडोद्याला टूलरूममध्ये फिटर म्हणून नोकरी केली. बंदुकांचा कारागीर मी नाही, पण गंजलेले आटे लोखंडी गेटचे असोत की बंदुकीचे, त्यांचा स्वभाव सारखाच. आणि आज ज्या बंदुकीबद्दल सांगणार आहे तिचं थोडं देणं माझ्या डोक्यावर होतं.

बंदूक माझ्या मामांची. मामा देवासला असतात, वय आता चौऱ्याऐंशी. बंदूक डायाना २७, जर्मनीतल्या राश्टाट गावच्या कारखान्यात बनलेली. तिच्या सिलिंडरवर शिकारीची देवी कोरलेली आहे. देवीने धनुष्यबाण टाकून दिलाय आणि हातात बंदूक उंच धरली आहे. लहानपणी आम्हां भाचरांना त्या चित्राचं फार अप्रूप. उन्हाळ्याच्या सुट्टीत परसात डालड्याचा रिकामा डबा टांगायचा आणि पाळीपाळीने नेम धरायचा.

मी पंधरा वर्षांचा असताना, मामा दुपारी झोपलेले असताना, ती बंदूक उघडायला गेलो. नळी जिथे मोडते तिथे आडवा मोठा बोल्ट असतो, त्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून जोर लावला. बोल्ट हलला नाही. आणखी जोर लावला. पातं घसरलं, बोल्टच्या डोक्यावरच्या चिरेची एक कड फाटली आणि माझा अंगठाही. बंदूक पुसून जागेवर ठेवली आणि कुणाला काही बोललो नाही. गेल्या दिवाळीत मामांनी फोन केला, "अरे, तू ते व्हिडिओ करतोस ना? मग माझी बंदूक बघ की. नळीच उघडत नाही. एकदा तो आवाज ऐकायचाय मला." गेलो. बंदूक हातात घेतली तर फाटलेली चीर तशीच.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. आपल्याकडे ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. तुमच्याकडची कुठल्या गटातली याची खात्री नसेल, तर दुरुस्तीआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आणि रानातल्या पाखरांवर नेम धरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. डबा टांगा, कागद लावा.

आता बंदुकीकडे. ही स्प्रिंगची बंदूक. नळी खाली मोडली की एक दांडी पिस्टनला मागे ढकलते, जाड स्प्रिंग दाबली जाते आणि चापात अडकते. चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो, पुढची हवा दाबली जाते आणि ती छर्रा ढकलते. ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राने जिने सुवर्ण जिंकलं ती एअर रायफल वेगळी, तिच्यात आधीच दाबून भरलेली हवा असते. आपली जत्रेतल्या फुगेवाल्याच्या जातीची.

मामांची नळी बंद अवस्थेत अडकलेली होती. अशा वेळी पहिला प्रश्न बोल्टचा नसतो. पहिला प्रश्न असा, की स्प्रिंग ताणलेली आहे का आणि नळीत छर्रा आहे का? वीस वर्षं माळ्यावर पडलेली बंदूक रिकामीच असेल असं धरून चालू नका. नळी उघडत नाही म्हणजे आत बघता येत नाही.

मी काय केलं ते सांगतो. परसात वाळूचं पोतं ठेवलं, नळीचं तोंड त्यात टेकेल-न-टेकेल असं धरलं आणि चाप ओढला. काही झालं नाही. याचा अर्थ स्प्रिंग सैल आहे, किंवा चापही जाम आहे. म्हणजे अजून खात्री नाही. मग तोंड पोत्याकडेच ठेवून, स्वतः बाजूला राहून, नळीतून एक गुळगुळीत लाकडी काठी अलगद आत सोडली. ती कुठवर गेली तिथे पेन्सिलीने खूण केली, बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिली. काठी नळीच्या मागच्या टोकाच्या चांगली चार बोटं अलीकडेच थांबली होती. आत छर्रा होता, आणि तोही अर्ध्या वाटेत.

हे कसं झालं असेल? पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचं वॉशर असतं. ते वाळून आक्रसलं की हवा बाजूने निसटते, जोर राहत नाही. शेवटचा बार केला त्याने आवाज ऐकला आणि छर्रा गेला असं समजून बंदूक ठेवून दिली. छर्रा गेलाच नव्हता. अशा बंदुकीत पुन्हा छर्रा घातला तर एकामागे एक दोन अडकतात, म्हणून काठीची ही परीक्षा एरवीही करावी.

स्प्रिंगची खात्री करायला लाकडी दस्ता उतरवावा लागतो. बाजूचे दोन स्क्रू आणि चापाच्या कड्याचा एक, एवढे काढले की लोखंडी भाग वेगळा होतो. हे करतानाही तोंड पोत्याकडेच. सिलिंडरच्या खालच्या अंगाला लांब फट असते, तिच्यातून पिस्टन दिसतो. पिस्टन पुढे असेल आणि स्प्रिंगचे वेढे मोकळे असतील तर ती ताणलेली नाही. मामांची सैल निघाली. तुम्हाला ती ताणलेली दिसली आणि चाप हलत नसेल, तर तिथेच थांबा आणि बंदुकीच्या दुकानातल्या कारागिराकडे न्या. तिथे बोट अडकलं तर ते परत मिळत नाही.

आता बोल्ट. तो चिमट्यासारख्या दोन जबड्यांमधून जातो. मध्ये नळीचा मागचा ठोकळा बसतो, दोन्ही बाजूंना कागदासारखी पातळ वॉशरं. बोल्टचं डोकं एका जबड्यावर टेकतं आणि आटे पलीकडच्या जबड्यात असतात. डोक्याच्या कडेने छोट्या अर्धगोल खाचा पाडलेल्या असतात आणि शेजारी एक चिमुकला स्क्रू असतो. त्या स्क्रूचं डोकं एका खाचेत बसतं आणि बोल्टला फिरू देत नाही. सतत उघडझाप होऊन बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही सोय.

पंधराव्या वर्षी मला हा चिमुकला स्क्रू दिसलाच नव्हता. मी कुलूप न काढता दार ओढत होतो. आज लोक फोटो पाठवतात, त्यातल्या निम्म्यांत फाटलेली चीर दिसते आणि शेजारी तो स्क्रू जागच्या जागी घट्ट. तेव्हा बोल्ट जाम आहे असं म्हणण्याआधी तो अडवलेला तर नाही ना, ते बघा. मळ आणि वाळलेल्या तेलाखाली हा स्क्रू पार बुजून जातो. रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन डोक्याभोवती खरवडा. मामांच्या बंदुकीत तो निघाला, जोंधळ्याच्या दाण्याएवढा, आणि दोन थेंब तेलात निमूट फिरला.

मोठा बोल्ट मात्र खरोखरच जाम होता. का, ते समजून घेऊ. लोखंड गंजतं तेव्हा तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. आट्यांमधली फट जेमतेम केसाएवढी. तिथे फुगलेला गंज म्हणजे ठोकून बसवलेली पाचरच. त्यात जुनं तेल. कुणी खोबरेल लावतं, कुणी शिलाई मशीनचं, ते वर्षानुवर्षं वाळून लाखेसारखं होतं. गंज आणि लाख दोन्ही एकत्र असतील तर नुसता जोर लावून बोल्ट निघत नाही, डोकं तुटतं.

म्हणून आधी मुरणारं तेल. बाजारात डबे मिळतात. डब्ल्यू-डी ४० सगळ्यांना ठाऊक आहे. ते १९५३ साली अमेरिकेत बनलं आणि नावाचा अर्थच पाणी हटवणारं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं. किरकोळ अडकलेल्याला ते चालतं. पण घट्ट आट्यांसाठी मी गाडीच्या गिअरबॉक्सचं पातळ तेल, ते एटीएफ म्हणतात ते, आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घेतो. ॲसिटोन पातळ असल्यामुळे तेलाला फटीत ओढून नेतं आणि स्वतः उडून जातं. ही दोन्ही एकत्र राहत नाहीत, तेव्हा दर वेळी बाटली हलवा. खिडकी उघडी ठेवा, जवळ विडी-काडी नको. आणि दस्ता आधीच उतरवलेला असू द्या, कारण ॲसिटोन लाकडाचं पॉलिश खाऊन टाकतं.

आता एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. तेल सोडतात ते डोक्यावर, कारण डोकं दिसतं. पण आटे पलीकडच्या जबड्यात आहेत. बंदूक उलटी करा, जिथे बोल्टचं टोक दिसतं तिथे तेल सोडा, आणि ती बाजू वर ठेवून आडवी ठेवा. मी सकाळ-संध्याकाळ चार-चार थेंब, असं तीन दिवस केलं. मधून मधून पितळी दांडा टेकवून बोल्टच्या टोकावर हलक्या टिचक्या मारल्या. त्या हादऱ्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. जोरात नाही, दारावर टकटक करावी तेवढं.

आणि तेल नळीच्या मागच्या भोकातून सिलिंडरमध्ये जाऊ देऊ नका. पिस्टन हवा दाबतो तेव्हा हवा इतकी तापते की आतलं तेल पेट घेतं, डिझेल इंजिनात घेतं तसं. मोठा आवाज, धूर, आणि स्प्रिंगचं नुकसान. म्हणून थेंब मोजून घाला, फवारा नको.

तीन दिवस मामा दर तासाला येऊन विचारत, "झालं का रे?" मामी म्हणाल्या, त्यांना स्वयंपाकघरात बसवा, नाहीतर तुमचा बोल्ट राहील बाजूला.

दरम्यान चिरेचं काम होतं. फाटलेल्या चिरेत कुठलंच पातं टिकत नाही. पण धातू गेलेला नसतो, बाजूला सरकलेला असतो. गोल तोंडाच्या लहान हातोडीने बाजूला उठलेली कड हळूहळू चिरेकडे परत ठोकत आणली आणि चपट्या बारीक कानशीने चिरेच्या भिंती सरळ केल्या. अर्धा तास लागला. पन्नास वर्षांपूर्वी पाच सेकंदांत केलेलं काम ते.

मग पातं. दुकानातला साधा स्क्रू-ड्रायव्हर टोकाकडे निमुळता होत जातो. तो चिरेत घातला की फक्त वरच्या कडांना टेकतो आणि पिळला की चढणीवर चढल्यासारखा वर सरकतो. म्हणूनच घसरतो. आपल्याला दोन्ही बाजू समांतर असलेलं, चिरेच्या तळापर्यंत जाणारं आणि चिरेएवढंच रुंद पातं हवं. मी गोल दांड्याचा एक जुना रुंद स्क्रू-ड्रायव्हर घेतला, मूठ काढली आणि ग्राइंडरवर घासून त्या चिरेच्या मापाचं पातं केलं. घासताना सारखं पाण्यात बुडवायचं. चकचकीत पोलादावर पिवळसर रंग आला तर ते २२०-२३० अंशांवर गेलं, निळा आला तर ३०० च्या आसपास, आणि तिथे पात्याचं पाणी उतरलं. मऊ पातं पुन्हा चीर फाडणार.

चौथ्या दिवशी सकाळी उष्णता दिली. इथे लोक गॅसचा बर्नर काढतात. कृपा करून नको. बंदुकीचा काळा-निळा मुलामा जाईल, ठोकळ्यातलं चामड्याचं वॉशर जळेल, आणि ॲसिटोन तर सगळीकडे आहेच. मी तेल पुसून काढलं, तासभर वारा लागू दिला आणि मग साठ वॉटची सोल्डरिंगची कावी बोल्टच्या डोक्यावर दहा-बारा मिनिटं टेकवून ठेवली. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. १० मिलिमीटरचा बोल्ट शंभर-दीडशे अंशांनी तापला तर जाडीत वाढ होते ती फार तर ०.०१८ मिलिमीटर, केसाच्या पाव भागाएवढी. पण बोल्ट जबड्याच्या आधी तापतो, फुगतो, भोवतालचा गंज चिरडतो, आणि निवताना पुन्हा आक्रसतो. तेवढी हालचाल पुरते. पूर्ण निवल्यावर पुन्हा तेल दिलं. तापलेलं असताना नाही.

आता फिरवायचं. हाताने स्क्रू-ड्रायव्हर धरला की एकाच हाताला दाबायचंही असतं आणि पिळायचंही. बोल्ट जितका घट्ट तितका दाब जास्त हवा, आणि तोच कमी पडतो. मामांच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे उभं ड्रिल मशीन होतं. बंदूक लाकडी फळ्यांच्या मध्ये धरून त्याच्या व्हाइसमध्ये बसवली, पातं ड्रिलच्या चकमध्ये घट्ट केलं आणि मशीनचा प्लग भिंतीतून काढून खिशात ठेवला. प्लग काढायला विसरू नका, इथे मशीन चालवायचंच नाही. मग मामांच्या नातवाला म्हटलं, दांडा खाली दाबून धर. पातं चिरेत तळापर्यंत बसलं, वरून पन्नास किलोचं ओझं असल्यासारखं. मी चकच्या भोकात चावी अडकवली आणि तिचा दांडा हाताने ओढला.

आधी घट्ट करायच्या दिशेने. हसू नका. गंजाची पकड तोडायची तर दिशा कुठलीही चालते, आणि आतल्या बाजूला किंचित हलला तरी बंध सुटतो. एकदा आत, एकदा बाहेर, पुन्हा आत. चौथ्या की पाचव्या वेळी "कच्" असा कोरडा आवाज आला. आवाज दोन गोष्टींचा असू शकतो, बोल्ट सुटल्याचा किंवा डोकं तुटल्याचा, आणि त्या क्षणी कुठला ते कळत नाही. नातू म्हणाला, "काका, फिरला." पाहिलं तर डोक्यावरची चीर पाव घर सरकली होती.

इथेच लोक घाई करतात. सुटला म्हणून सरळ उलटा फिरवत सुटतात, आणि आट्यांत मोकळा झालेला गंजाचा चुरा पुढे जमून बोल्ट दुसऱ्यांदा अडकतो, तो पहिल्यापेक्षा वाईट. पाव फेरा बाहेर, थोडा आत, दोन थेंब तेल. असं करत बोल्ट बाहेर यायला वीस मिनिटं लागली. शेवटी नळीला हाताने आधार द्या, नाहीतर मागच्या खटक्याची स्प्रिंग तिला झटका देते आणि पातळ वॉशरं कुठे उडाली ते सापडत नाही.

यानेही सुटला नाही तर? मग बोल्टचा जीव घ्यायचा आणि बंदुकीचा वाचवायचा. डोक्याच्या बरोबर मध्यावर सेंटर पंच मारून, उभ्या ड्रिलवर, आधी बारीक आणि मग मोठं भोक पाडत डोकं उडवायचं. डोक्याचा ताण गेला की उरलेला दांडा बऱ्याचदा नुसता फिरतो. नाही फिरला तर आट्यांच्या आतल्या मापाचं भोक पाडायचं, म्हणजे आटे ८ मिलिमीटरचे, १.२५ पिचचे असतील तर ६.८. मात्र व्हर्नियरने आणि पिच गेजने मोजल्याशिवाय टॅप लावू नका, जुन्या इंग्लिश बंदुकांत मेट्रिक आटे नसतात. तुटके बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो, त्यावर माझा भरवसा नाही. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला की त्याला ड्रिलही लागत नाही. मी नवा बोल्ट लेथवर करून घ्यायची तयारी ठेवली होती, माप काढून कागदावर लिहिलं होतं. तो कागद वापरावा लागला नाही.

पुढचं काम सोपं. नळी सुटी झाल्यावर तो छर्रा मागच्या बाजूने तेल सोडून, काठीने तोंडाच्या बाजूने हळू ढकलून काढला. शिशाचा, पांढरा पडलेला. बोल्ट, जबडे, ठोकळा रॉकेलने आणि पितळी ब्रशने धुतले. आट्यांना आणि वॉशरांना मॉलिब्डेनमचं ग्रीस, नखाएवढं. पिस्टनचं चामडं बदलायला सिलिंडर उघडावा लागतो आणि ती स्प्रिंग आवळून धरायला वेगळं अवजार लागतं. त्यावर स्वतंत्र भाग करू. यातल्या बऱ्याच बंदुकांच्या चापात तीन छोट्या पोलादी गोळ्या असतात, त्या पलंगाखाली गेल्यावर मला फोन करू नका.

बोल्ट किती आवळायचा? नळी मोडून मध्येच सोडली तर तिथेच थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनाने पडता कामा नये, आणि हाताने हलवताना खरखर नको. तेवढं झालं की डोक्याची सगळ्यांत जवळची खाच त्या चिमुकल्या स्क्रूसमोर आणायची आणि स्क्रू बसवायचा. आणि नळी उघडी असताना कधीही चाप ओढू नका. नळी फटकन वर येते आणि मध्ये जे सापडेल ते चेचते.

संध्याकाळी परसात मामांना खुर्ची दिली. डालड्याचा डबा आता मिळत नाही, तेलाचा पत्र्याचा डबा टांगला. चामडं जुनंच होतं, दोन थेंब तेल पाजून मऊ केलेलं, त्यामुळे जोर बेताचा. नळी मी मोडून दिली, नेम मामांनी धरला. पहिला छर्रा भिंतीत, दुसराही. तिसऱ्याला डबा वाजला.

मामांनी बंदूक मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याने बोल्टचं डोकं चाचपलं. मी म्हटलं, "मामा, ती चीर मीच..." ते म्हणाले, "अंगठ्याला चिंधी बांधून जेवायला बसला होतास. मामीने विचारलं तर विळी लागली म्हणालास. आपल्या घरात विळी त्या दिवशी धार लावायला गेली होती." मग चौथा छर्रा मागितला.